सुरीने कोठे थांबावे?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले लंडन कोळशावर जगत होते. घरोघरच्या शेकोट्यांचा धूर वाहून नेणारी धुरांडी अरुंद, वळणावळणांची आणि काही तर जेमतेम नऊ इंच रुंदीची असल्यामुळे त्यांच्या आत साचलेली काजळी खरवडून काढण्यास प्रौढ माणसाचा उपयोग नसे. म्हणून पोरक्या आणि दरिद्री घरांतली मुले, पॅरिशच्या कारभाऱ्यांच्या संमतीने, धुरांडी साफ करणाऱ्या उस्तादांच्या हवाली केली जात, आणि पाच-सहा वर्षांची ही पोरे, कपडे अडकून जीव गुदमरू नये म्हणून पुष्कळदा उघड्या अंगानेच, कोपरे आणि गुडघे भिंतीला रेटीत वर चढत. दिवसभर अंगावर बसलेली काजळी रात्रीही अंगावरच राही, कारण निजायला मिळे तेही काजळीचेच पोते.

यांतून जी वाचत आणि मोठी होत, त्यांच्यापैकी काहींच्या अंडकोशाच्या कातडीवर पुढे एक खरबरीत, काठ उलटलेला व्रण उठे. धंद्यातली माणसे त्याला काजळीचा चामखीळ म्हणत. वैद्य त्याला उपदंशाचा विकार समजून पारा देत. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील नामांकित शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या टिपणात या समजुतीला प्रथम छेद दिला. हा उपदंश नव्हे, हा कर्करोग आहे, आणि अंडकोशाच्या सुरकुत्यांत साचून राहिलेली काजळी हेच त्याचे मूळ आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. कर्करोग हा शरीरातील दूषित रसांचा प्रकोप असतो असे मानणाऱ्या त्या काळात, डोळ्यांना दिसणारे आणि पाण्याने धुऊन टाकता येणारे असे काही कारण त्या रोगाला असू शकते, ही कल्पनाच अपूर्व होती. उपायही त्यांनी तितक्याच थोडक्यात सांगितला : व्रण लहान असतानाच तेवढा भाग कापून काढावा, एकदा रोग वृषणात वा जांघेतील गाठींत शिरला, की सुरीचा काही उपयोग नाही.

त्वचेच्या कर्करोगाचा प्रतिबंध आणि त्याची शस्त्रक्रिया, या दोन्ही विद्यांचा आरंभ असा एकाच टिपणातून झाला. मात्र त्यांचा पुढचा प्रवास एका चालीने झाला नाही. प्रतिबंधाला जे लागते ते ज्ञानापेक्षा अधिक, म्हणजे दुसऱ्याच्या पोराविषयीची आस्था, आणि ती पार्लमेंटमध्ये फारशी शिल्लक नव्हती. १७८८ सालच्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलास या कामावर घेण्यास मनाई केली. १८४० सालच्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणासही धुरांड्यात चढविणे बेकायदेशीर ठरविले. परंतु अंमलबजावणीची कोणतीच यंत्रणा नसल्यामुळे दोन्ही कायदे दप्तरातच पडून राहिले, आणि लांब दांड्याच्या ब्रशांनी वाकडी धुरांडी नीट साफ होत नाहीत, ही सबब घरमालकांना पुरेशी वाटत राहिली. अखेर एका मुलाचा धुरांड्यात अडकून मृत्यू झाल्यानंतर, लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या खटपटीने १८७५ साली धुरांडेवाल्यांना पोलिसांकडून परवाना घेणे सक्तीचे झाले आणि ही प्रथा खऱ्या अर्थाने संपली. पॉट यांच्या टिपणाला तोवर बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्यानंतरही सतरा वर्षांनी हेन्री बटलिन यांनी शोध घेतला की, युरोपखंडातील धुरांडेवाल्यांना हा रोग इंग्लंडातल्याइतका का होत नाही. आणि त्यांना आढळलेले उत्तर असे की, तिकडचे लोक अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतात आणि काम संपल्यावर अंग स्वच्छ धुतात. ज्या रोगाचा प्रतिबंध साबण आणि पाणी यांनी होऊ शकत होता, त्यासाठी इंग्लंडमध्ये एक शतकभर सुरीच चालली.

आपल्याकडेही याच जातीचा एक दाखला त्याच शतकात नोंदला गेला. काश्मीरमधील मिशनचे डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ साली असे निरीक्षण प्रसिद्ध केले की, हिवाळ्यात निखाऱ्यांनी भरलेली कांगडी, म्हणजे छोटी शेगडी, फिरन या सैल अंगरख्याच्या आत पोटाशी धरण्याची जी तेथील जनरीत आहे, तिच्यामुळे मांड्यांच्या आतल्या बाजूस आणि ओटीपोटावर वारंवार भाजून कालांतराने कर्करोग उद्भवतो. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात आर्थर आणि अर्नेस्ट नेव्ह या बंधूंनी अशा रुग्णांवर अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. काजळी असो की निखारा, कातडीला रोज थोडीथोडी इजा पोहोचत राहिली की तिचा हिशेब वीस-तीस वर्षांनी पुरा होतो, ही गोष्ट त्या अभ्यासांतून हळूहळू स्पष्ट होत गेली.

आता सुरीची हकीकत. पॉट यांचे शिष्य जॉन हंटर यांनी १७८७ साली एका पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जबड्यामागील गाठ कापून काढली. ती आधी एकदा काढलेली होती आणि पुन्हा उद्भवली होती. हंटर यांना तिचे स्वरूप उमगले नाही. त्यांनी ती बाटलीत जतन केली आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात ती आजपर्यंत राहिली. तेथे १९६८ साली सूक्ष्मदर्शकाखाली ती तपासली गेली, तेव्हा ती मेलानोमाची, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची, गाठ असल्याचे सिद्ध झाले. दरम्यान रने लानेक या फ्रेंच वैद्याने १८०४ साली पॅरिसमध्ये या काळ्या अर्बुदांचे वेगळे अस्तित्व प्रतिपादिले होते, आणि इंग्लंडातील स्टाउरब्रिजचे एक साधे गावडॉक्टर विल्यम नॉरिस यांनी १८२० साली आपल्या एका रुग्णाचे वर्णन लिहिताना, हा रोग काही घराण्यांत चालत येतो की काय आणि अंगावरच्या तिळांशी त्याचा संबंध आहे काय, असे अत्यंत मार्मिक प्रश्न उपस्थित केले होते. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी चेहऱ्यावर, विशेषतः पापण्यांजवळ, वर्षानुवर्षे सावकाश कुरतडत जाणारा पण शरीरात दूरवर न पसरणारा जो व्रण वर्णिला, तो आज बेसल सेल कार्सिनोमा म्हणून ओळखला जातो आणि गोऱ्या लोकांत आढळणारा सर्वांत सामान्य कर्करोग तोच आहे.

हा बेसल सेल कार्सिनोमा नाकावर होण्याचे प्रमाण फार. नाकावरचा रोग समूळ कापायचा म्हणजे पुष्कळदा नाकच कापायचे. आणि नाक गेलेल्या माणसाला समाजात तोंड कसे दाखवता यावे, हा प्रश्न सुरी हाती घेण्यापूर्वीच शल्यचिकित्सकाचा हात अडवीत असे. युरोपात त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. ते उत्तर पुण्याहून गेले.

म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम यांच्या फौजा टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र लढत असता, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ साली टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. सुमारे वर्षभर तो तसाच नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने, म्हणजे बहुधा एखाद्या कुंभाराने, त्याला नवे नाक बसवून दिले. आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीतील शल्यचिकित्सक थॉमस क्रूसो व त्यांचे एक सहकारी यांनी ती क्रिया प्रत्यक्ष पाहिली. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्या वेळी पुण्यातच होते. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र रंगविणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकारही तेथेच होता. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, वेल्सने कावसजीचे चित्र काढले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात त्या चित्रासह संपूर्ण कृती छापून आली.

ती कृती अशी. प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ तसाच जोडलेला ठेवायचा, कारण नवी जागा रुजेपर्यंत कातडीला रक्त पोहोचते ते त्या देठातूनच. खुंटाची जुनी कड खरवडून ताजी करावयाची, तीत खाच पाडायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली उतरवायची आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या. टाका नाही, पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनंतर त्या काढून तुपात भिजवलेले फडके ठेवायचे. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक स्वतःच्या रक्तावर जगू लागले की, भुवयांमधला देठ कापायचा. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचे नाक सांगितले आहे. कपाळाची ही रीत पुढे कधीतरी कारागिरांच्या घराण्यांत बापाकडून लेकाकडे चालत आली असली पाहिजे, आणि तिची लेखी परंपरा नसल्यामुळे त्या पुण्याच्या माणसाचे नावही आपल्याला ठाऊक नाही, ही आपल्या समाजव्यवस्थेवरची पुरेशी बोलकी टीका आहे. ज्याचे चित्र लंडनला गेले तो बैलवाला होता. ज्याने ते नाक घडविले त्याच्या नावाची चौकशी करावीशी दोन्ही पक्षांतील कोणासही वाटली नाही.

जोसेफ कार्प्यू यांनी मासिकातील ही हकीकत वाचून वीस वर्षे तिचा विचार केला, मृत देहांवर तिचा सराव केला, आणि १८१४ साली लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर तीच क्रिया यशस्वी करून १८१६ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथून ती 'भारतीय रीत' म्हणून युरोपभर पसरली. नाक गमावण्याची कारणे त्या काळी युद्ध, शिक्षा आणि उपदंश ही होती; कर्करोगासाठी नाक कापणे शक्य झाले ते पुढे, आणि शक्य झाले याचे एक मोठे कारण म्हणजे कापलेले परत घडविता येते ही खात्री.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन शोधांनी सुरीचे नशीब पालटले. १८४६ साली ईथरच्या भुलीने शल्यचिकित्सकाला वेळ दिला, आणि १८६७ पासून लिस्टर यांच्या जंतुघ्न पद्धतीने त्याला निर्भयता दिली. पूर्वी जो हात दोन मिनिटांत काम उरकून मोकळा होई, तो आता तासभर आत वावरू लागला. आणि जेथे सैलपणा मिळतो तेथे माणूस हात सैल सोडतो, हा नियम शस्त्रक्रियेलाही लागू पडला. कर्करोग परत उद्भवतो तो कमी कापल्यामुळे, म्हणून जितके अधिक कापावे तितके चांगले, असा विचार त्या काळच्या शल्यशास्त्रात बळावला. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील विल्यम सॅम्पसन हँडली यांनी १९०७ साली आपल्या व्याख्यानांत मेलानोमाबाबत असे प्रतिपादन केले की, हा रोग त्वचेखालील लसिकावाहिन्यांतून सर्व बाजूंनी पसरत असल्यामुळे त्वचा गाठीच्या कडेपासून सुमारे एक इंच आणि तिच्याखालील चरबी त्याहून दोन इंच पुढे कापली पाहिजे. त्यांच्या या मताला आधार होता तो मुख्यतः एका स्त्रीच्या शवविच्छेदनाचा. पुढच्या पिढ्यांनी त्याचा सोपा अर्थ केला : गाठीभोवती पाच सेंटिमीटर. सहा-सात दशके जगातील शल्यचिकित्सक, एका शवावरून निघालेल्या या मापाने, पिंढऱ्या आणि खांदे खोल खणीत राहिले, आणि तेथे मांडीची कातडी आणून लावीत राहिले. आणि त्यांनी ते निष्काळजीपणाने केले असे म्हणण्यापेक्षा, त्यांना थांबण्याची खूण दिसत नव्हती, असे म्हणणेच न्याय्य होईल.

दुसऱ्या बाजूला, रोगाचे कारण शोधणाऱ्यांना तोवर सूर्याचा सुगावा लागला होता. हॅम्बुर्गचे पाउल गेर्सन उना यांनी १८९४ साली खलाशांच्या रापलेल्या, खरबरीत कातडीत कर्करोग उद्भवतो असे दाखविले. बोर्दोचे विल्यम द्युब्रॉय यांनी १८९६ साली द्राक्षमळ्यांतील मजुरांबाबत तेच नोंदले. १९२८ साली जी. एम. फिंडले यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांखाली उंदीर ठेवून त्यांच्या कातडीवर अर्बुदे उत्पन्न केली आणि संशयाचा पुरावा झाला. परंतु इतिहासाची थट्टा अशी की, नेमक्या याच काळात युरोप ऊन हे औषध मानू लागला होता. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुडदूस आणि क्षय यांच्यासाठी मुलांना उन्हात निजविणारी रुग्णालये निघाली. आणि पूर्वी जेथे गोरेपणा हे सरदारकीचे लक्षण असे, तेथे कारखान्यांच्या बंद छपराखाली कष्टकरी फिके पडू लागल्यावर रापलेली कातडी ही सुट्टी घेऊ शकणाऱ्या श्रीमंतीची खूण ठरली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फॅशनने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. सर्व बाजूंनी रापून घेण्याची जी हौस तेव्हा सुरू झाली, तिचे बिल साठ-सत्तरच्या दशकांत त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागले.

सुरीला डोळे मिळाले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात, आणि तेही एका विद्यार्थ्याच्या हातून. प्राणिशास्त्रज्ञ मायकेल गायर यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता फ्रेडरिक मोझ यांनी प्राण्यांतील अर्बुदांत नाना प्रकारची क्षोभक द्रव्ये टोचून पाहिली, तेव्हा झिंक क्लोराइडने एक चमत्कार केला : त्याने ऊती मारल्या, पण त्यांची सूक्ष्म रचना जशीच्या तशी राखली. मेलेला तो तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आतील प्रत्येक पेशी ओळखता येई. मोझ यांना यातून जे सुचले ते साधे आणि म्हणूनच थोर होते. त्वचेचा कर्करोग हरळीसारखा वाढतो. वर दिसते ते थोडे, आणि खाली कोणत्या दिशेला धावा गेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा अंदाजाने मोठे भगदाड पाडण्यापेक्षा, रोगाची जागा जागच्या जागी मारून एक पातळ थर उचलावा, त्या थराचा नकाशा काढावा, त्याच्या तळाची आणि कडेची संपूर्ण बाजू सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, आणि नकाशात जेथे रोगाचा धागा दिसेल नेमके तेथेच परत जाऊन पुढचा थर उचलावा. रोग दिसेनासा झाला की थांबावे.

१९३६ पासून त्यांनी रुग्णांवर हा उपचार सुरू केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. झिंक क्लोराइडचे जे मलम त्यांनी बनविले त्यात स्टिबनाइटची पूड, म्हणजे आपल्याकडील डोळ्यांत घालायच्या सुरम्याचा दगड, आणि उत्तर अमेरिकेतील ब्लडरूट या वनस्पतीची मुळी होती. या घटकांमुळे ते मलम गावोगावचे भोंदू वैद्य कर्करोगावर विकीत त्या जळत्या मलमांसारखेच दिसे, आणि शल्यचिकित्सकांनी मोझ यांची बरीच वर्षे टर उडविली. त्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. तसल्या मलमाचे वंशज आजही 'काळे मलम' म्हणून जगाच्या बाजारात विकले जातात आणि सूक्ष्मदर्शकावाचून वापरले की नाक जाळतात पण रोग आत ठेवतात. फरक द्रव्यात नव्हता, पाहण्यात होता. तरीही मोझ यांच्या मूळ रीतीत एक मोठी गैरसोय होती : मलम लावल्यावर एक दिवस थांबावे लागे, वेदना तीव्र होत, आणि एकेका रुग्णाचे उपचार अनेक दिवस चालत. १९५३ साली पापणीच्या कर्करोगावरील उपचाराचे चित्रपटासाठी चित्रीकरण चालू असता काम लवकर उरकावे म्हणून त्यांनी मलमाला फाटा देऊन स्थानिक भूल दिली आणि ताज्या ऊतीचेच गोठवून काप पाहिले. आणि ते उत्तम जमले. थिओडोर ट्रोमोविच आणि सॅम्युएल स्टेगमन यांनी या ताज्या ऊतीच्या पद्धतीचे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून मलम इतिहासजमा झाले आणि उपचार एका दिवसात आटोपू लागला.

आजही मोझ शस्त्रक्रिया तशीच होते. सर्वसाधारण रुग्णालयांत कापलेल्या तुकड्याचे उभे काप पाडून तपासतात, आणि त्या रीतीत कडेचा जेमतेम शंभरावा हिस्सा प्रत्यक्ष नजरेखालून जातो. मोझ पद्धतीत तिरकस सुरीने उथळ बशीच्या आकाराचा थर काढून तो सपाट केला जातो आणि त्याची सबंध कड एकाच पातळीत पाहिली जाते. प्रथमच उद्भवलेल्या बेसल सेल कार्सिनोमात या उपचाराने पाच वर्षांनंतर सुमारे ९९ टक्के रुग्ण रोगमुक्त राहतात. कापावे लागते ते कमी, आणि उरते ते निरोगी. नाकाचा मोठा भाग गेलाच, तर त्याची भरपाई कपाळाच्या कातडीनेच केली जाते : भुवईच्या आतल्या कोपऱ्याजवळील धमनी देठात राखून कातडी खाली उतरवायची आणि सुमारे तीन आठवड्यांनी देठ कापायचा. अमेरिकेतील गॅरी बर्गेट आणि फ्रेडरिक मेनिक यांनी १९८५ साली नाकाचे स्वतंत्र उपविभाग मानून त्या कलेला जे शास्त्रशुद्ध रूप दिले, त्याच्या मुळाशी पुण्याचाच मेणाचा पत्रा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मेलानोमाच्या बाबतीत मात्र थर उचलून नकाशा काढणे पुरेसे नव्हते, कारण तो रोग दूरवर उडी मारतो. तेथे थांबण्याची खूण दुसऱ्या मार्गाने सापडली. वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली सूक्ष्मदर्शकाला मोजपट्टी लावून गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली आणि दाखवून दिले की, रोग्याचे भवितव्य गाठीच्या लांबीरुंदीपेक्षा तिच्या खोलीवर अधिक अवलंबून असते; पाऊण मिलिमीटरहून पातळ गाठी त्यांच्या रुग्णांत परतून आल्या नाहीत. या जाडीच्या आधारावर इटलीतील मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ६१२ रुग्णांवर प्रयोग केला : दोन मिलिमीटरपर्यंत जाडीच्या गाठीभोवती काहींना एक सेंटिमीटर, काहींना तीन सेंटिमीटर कड घेऊन कापले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे आयुर्मान सारखेच ठरले. हँडली यांनी एका शवावरून काढलेल्या मापापासून चालत आलेली मोठी कड ८१ वर्षांनी अशा तुलनेने तपासली गेली, आणि एवढ्या जाडीच्या गाठींसाठी तरी ती गरजेपेक्षा मोठी निघाली. पुढे १९९२ साली कॅलिफोर्नियाचे डोनाल्ड मॉर्टन यांनी गाठीजवळ निळा रंग टोचून लसिकेचा प्रवाह जिला आधी भिडतो ती पहिली लसिकाग्रंथी शोधण्याची युक्ती काढली, त्यामुळे ती एक ग्रंथी निर्दोष निघाल्यास जांघ वा काख सर्व खरवडण्याचे कारण राहिले नाही.

आता सर्वांत कठीण भाग : माणसाला उन्हातून बाजूला कसे करावे? ब्रिटनच्या ढगाळ हवेत शतकानुशतके राहिलेली गोरी कातडी ज्या मुलुखात जाऊन वसली तो ऑस्ट्रेलिया होता, आणि तेथे हिशेब फारच लवकर चुकता झाला. १९५६ साली हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर यांनी दाखविले की, विषुववृत्ताकडे जावे तसतसे गोऱ्यांमधील मेलानोमाचे मृत्यू वाढतात; १९६३ पासून नेव्हिल डेव्हिस यांच्या पुढाकाराने क्वीन्सलँडमध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. परंतु आकडे कोण वाचतो? १९८१ साली व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोगविरोधी परिषदेने सिड नावाच्या एका नाचऱ्या समुद्रपक्ष्याच्या तोंडी एक गाणे घातले : सदरा चढवा, अंगाला मलम लावा, डोक्यावर टोपी घाला. ते गाणे एका पिढीच्या तोंडी बसले. शाळांनी नियम केला की ज्याच्या डोक्यावर टोपी नाही त्याने सुट्टीत खेळायचे नाही. क्रिकेटच्या मैदानावर खेळाडूंच्या नाकाओठांवर झिंक ऑक्साइडचे पांढरे पट्टे दिसू लागले. ज्या जस्ताच्या एका क्षाराने मोझ यांनी रोग मारला, त्याच्याच दुसऱ्या संयुगाने आता रोग अडविला जाऊ लागला. सर्वांनाच हे वेळेवर कळले नाही. ऑस्ट्रेलियाचे माजी क्रिकेट कर्णधार रिची बेनो यांच्यावर कपाळ आणि डोके यांवरील कर्करोगाचे उपचार चालू असता त्यांनी २०१४ साली सांगितले की, आपला आदर्श खेळाडू कीथ मिलर टोपी घालीत नसे म्हणून आपणही कधी घातली नाही, आणि आता मात्र इतरांनी डोके झाकावे. पुढच्याच वर्षी ते वारले.

मलम खरोखर उपयोगी पडते काय, या शंकेचेही निराकरण क्वीन्सलँडमध्येच झाले. नॅम्बोर या गावातील १,६२१ प्रौढांना १९९२ ते १९९६ या काळात अॅडेल ग्रीन यांच्या देखरेखीखाली दोन गटांत विभागले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने स्वेच्छेप्रमाणे. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा, कर्करोग लक्षणीय प्रमाणात कमी झाला. त्यानंतर दहा वर्षे वाट पाहून २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत रोजच्या गटात मेलानोमाचे ११ नवे रुग्ण आढळले, दुसऱ्या गटात २२. प्रतिबंधाच्या इतिहासात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. रापून घेण्याच्या दिव्यांना २००९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसांत निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातले, आणि ऑस्ट्रेलियाच्या राज्यांनी पुढील काही वर्षांत त्यांची दुकाने बंद केली.

आपल्या कातडीतील मेलॅनिन हे जन्मजात छत्र आहे, आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियाची कथा आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. परंतु त्यातून एक घातक बेफिकिरीही उद्भवते. काळ्यासावळ्या लोकांत मेलानोमा होतो तो बहुधा जेथे रंग कमी असतो तेथे : तळपायाला, तळहाताला, नखाखाली. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ सालीच नखाखालच्या मेलानोमाचे वर्णन केले होते, आणि नखाचा काळा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरणे ही धोक्याची खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बॉब मार्ली या जगप्रसिद्ध गायकाच्या पायाच्या अंगठ्याला १९७७ साली हाच रोग निघाला. अंगठा काढण्यास त्याने नकार दिला आणि १९८१ साली ३६ व्या वर्षी तो गेला. आपल्याकडे शेतावर काम करणाऱ्या माणसाच्या तळपायावरचा काळा डाग काट्याचा वा ठेचेचा समजून वर्षभर हळद आणि मलम यांच्या भरवशावर राहतो, ही तक्रार त्वचारोगतज्ज्ञ वारंवार करतात, आणि ती रास्त आहे.

उन्हापेक्षाही आपल्या मुलुखात अधिक ओळखीची कारणे वेगळीच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचेवर उद्भवणारा कर्करोग होता. हा विषय जुना झाला असे वाटण्याचे कारण नाही. २०२४ साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची कैफियत छापली. एकीच्या कमरेवर परकराची नाडी घट्ट बांधण्याच्या जागी आणि दुसरीच्या कमरेवर परकरावाचून लुगडे आवळण्याच्या जागी, अनेक महिने न भरणारी जखम झाली होती. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला. नाडी सैल बांधावी, कातडीवर काही उठले असेल तर ते बरे होईपर्यंत सैल कपडे घालावेत, असे या डॉक्टरांनी लिहिले. आणि एक-दोन महिन्यांत न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासून घेणे हे तर कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात व्हावयास हवे.